किशोरवयीन मुलांसाठी सांघिक खेळातून गटोपचार: शाळेत तो कसा घ्यावा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: आठवी-नववीतली काही मुलं एकदम गप्प झाली आहेत, काही सारखी भांडतात, समुपदेशक आठवड्यातून एकदाच येतात आणि समोर बसवलं की मुलं तोंड उघडत नाहीत. अशा मुलांना खो-खो, फुटबॉल असं काही खेळवून गटोपचार होईल का?

होईल, पण नुसतं खेळवून होणार नाही. धावपळ झाली की झोप सुधारते, ताण हलका होतो. तो व्यायामाचा फायदा आहे आणि पीटीच्या तासालाही मिळायला हवा. खेळताना जे घडलं त्यावर तिथेच, त्याच मुलांबरोबर बोलणं सुरू झालं की गटोपचार सुरू होतो. कोणाला कोणीच खो दिला नाही, बाद झाल्यावर कोण रुसून कडेला गेलं, कोणी आपली चूक दुसऱ्यावर ढकलली, हे मैदानावर दहा मिनिटांत दिसतं. खोलीत प्रश्न विचारून तेच बाहेर काढायला कितीतरी बैठका जातात.

सांघिक खेळच का, तर त्याला थोडा आधार आहे. अमेरिकेत ९ ते १३ वयाच्या ११ हजारांहून जास्त मुलांच्या माहितीवरचा एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. सांघिक खेळ खेळणाऱ्या मुलांत चिंता, उदासी, एकलकोंडेपणाच्या तक्रारी कमी दिसल्या, आणि फक्त वैयक्तिक खेळ खेळणाऱ्यांत त्या मुळीच न खेळणाऱ्यांपेक्षाही जास्त दिसल्या. हा नुसता संबंध आहे, खेळामुळेच असं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. पण आधीच स्वतःवर नाराज असलेल्या मुलाला एकट्याने हरण्याच्या जागी उभं करू नये, एवढं मी त्यातून नक्की घेतो.

पद्धत म्हणाल तर ती कोलंबियातल्या मेदेयीन शहराकडून घ्या. फुटबॉलपटू आंद्रेस एस्कोबारचा १९९४ मध्ये तिथे खून झाला. त्यानंतरच्या काळात तिथल्या तरुणांसाठी जे फुटबॉल सुरू झालं त्यात मुलगे-मुली एकत्र खेळत, पंच नसे आणि पहिला गोल मुलीनेच करायचा असे. त्यातून पुढे तीन भागांचा सामना रूढ झाला: आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, मग पुन्हा बसून कोण कसं वागलं त्याचे गुण एकमेकांना देतात. तुमच्या शाळेत हेच तीन भाग ठेवा, खेळ मात्र खो-खो घ्या. साहित्य लागत नाही, मुलांना तो येतो, आणि बोलण्यासारखं त्यात इतर कुठल्याही खेळापेक्षा जास्त घडतं असं माझं मत आहे.

गट १२ मुलांचा असावा. आठच्या खाली गेलात तर खेळ मरतो, चौदाच्या वर गेलात तर गोलाकार बसून बोलणं अशक्य होतं. निवड करताना सगळी 'त्रासदायक' मुलं एकत्र कोंबू नका, ही चूक फार होते. दंगेखोर मुलांचाच गट केला तर ती एकमेकांच्या दंग्यावर हसून त्याला खतपाणी घालतात आणि वागणं उलट बिघडतं, हे मानसशास्त्रज्ञ टॉमस डिशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवून दिलं आहे. चार गप्प, चार तापट आणि चार बऱ्यापैकी सावरलेली मुलं घ्या. छळणारा आणि ज्याला तो छळतो, असे दोघे एका गटात नकोत. गट एकदा ठरला की मध्येच नवं मूल घ्यायचं नाही.

काही मुलांसाठी ही जागाच नव्हे. जीव देण्याचे विचार बोलून दाखवणारं, स्वतःला इजा करणारं, भास होणारं किंवा जेवण टाळून झपाट्याने वजन घटवणारं मूल आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. शेवटच्या प्रकारात तर पळणं हेच आजाराचं हत्यार असू शकतं. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी घ्या. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर खेळाबद्दल त्या डॉक्टरांना विचारा. उदाहरणार्थ लिथियम घेणाऱ्या मुलाच्या अंगातलं पाणी घामाने कमी झालं तर रक्तातली औषधाची पातळी वाढू शकते. पालकांचं संमतीपत्र हवंच, आणि मुलाचा स्वतःचा होकारही हवा. फळ्यावर 'खेळगट' एवढंच लिहा, पण तो कशासाठी आहे हे मूल आणि पालक दोघांनाही खरं सांगा.

दोन मोठी माणसं लागतात: पीटीचे सर किंवा मॅडम आणि समुपदेशक. समुपदेशकांनी कडेला वही घेऊन उभं राहू नये, खेळात उतरावं. वेळ ७५ मिनिटं, आठवड्यातून एकदा, एकूण १२ आठवडे. पहिली १० मिनिटं गोल बसून नियम ठरवणं, १० मिनिटं अंग मोकळं करणं, ३५ मिनिटं खेळ, शेवटची २० मिनिटं पुन्हा गोल. शेवटचा गोल कधीही कापायचा नाही. उशीर झाला तर खेळ कमी करा.

आता खेळ. सहा-सहाचे दोन संघ करा. पाच जण मधल्या रेषेवर एकाआड एक उलट तोंडं करून बसतील, सहावा पाठलाग करेल, समोरचे सहा जण तिघातिघांच्या दोन तुकड्यांत पळतील. दोन खांबांत साधारण १५ मीटर अंतर आणि रेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर जागा पुरते. स्पर्धेतला डाव मोठ्यांसाठी नऊ मिनिटांचा असतो, इथे चारच मिनिटांचा घ्या, म्हणजे डावांमध्ये श्वास घ्यायला आणि दोन शब्द बोलायला जागा राहते. कप्तान नेमून त्यांना मुलं निवडू देऊ नका. शेवटपर्यंत न निवडलं जाण्याचा अपमान ही त्यातल्या अनेकांची जुनी जखम असते. चिठ्ठ्या टाका किंवा संघ तुम्हीच पाडा.

मूळ नियमांत तीन बदल करा. बाद झालेला कायमचा बाहेर जात नाही, पुढच्या तुकडीत परत येतो. बसलेल्या पाचही जणांना निदान एकदा खो मिळाल्याशिवाय कोणालाही बाद केल्याचा गुण धरायचा नाही. तिसरा बदल स्पर्शाचा आहे आणि तो सगळ्यात महत्त्वाचा. खो-खोत खो मागून येतो: मूल पाठमोरं, उकिडवं, उठायच्या तयारीत बसलेलं असतं आणि न दिसणारा कोणीतरी पाठीवर हात मारून ओरडतो. घरी मार खाणाऱ्या किंवा ज्याच्या अंगाशी कोणी वाईट वागलं आहे अशा मुलाला हा क्षण गोठवून टाकू शकतो. म्हणून पहिले दोन आठवडे सगळ्यांसाठीच फक्त आवाजाचा खो ठेवा. तिसऱ्या आठवड्यात खांद्याच्या मागे तळहात टेकवून चालेल का, हे गटाला विचारा. ज्याला नको असेल त्याने कारण सांगायची गरज नाही. याच कारणासाठी कबड्डी मी अशा गटाला सुचवणार नाही. चार जणांनी मिळून पकड करणं, खाली दाबणं हे काही मुलांना सहन होत नाही, आणि ती तसं सांगतही नाहीत.

खेळ चालू असताना समुपदेशकांनी काय बघायचं? खो मिळाल्यावर अर्धा सेकंद अडकणारं मूल बघा. खो मिळण्याआधीच उठून फाउल करणारं मूल बघा. त्याला वाट बघणं असह्य होतं. 'खो' शब्द तोंडातल्या तोंडात पुटपुटणारं बघा, कारण इथे मोठ्याने बोलणं खेळाचाच भाग आहे आणि वर्गात न बोलणारं मूल बहुधा पहिला मोठा आवाज इथेच काढतं. कोण कोणाला खो देतो याच्या खुणा दुसऱ्या मोठ्या माणसाने कागदावर करून ठेवाव्यात. दोन आठवड्यांत एखाद्या नावासमोरची जागा जवळजवळ रिकामी दिसते. ते आकडे मुलांना वाचून दाखवू नका, पुढच्या आठवड्याचे संघ त्यावरून ठरवा.

ज्यांना घाबरण्याचे झटके येतात त्यांना धावल्यावरची धडधड, धाप, घाम हीच झटक्याची सुरुवात वाटते आणि ती मैदान सोडून पळतात. त्यांना आधीच सांगून ठेवा की धडधड वाढेल आणि थांबल्यावर काही मिनिटांत उतरेल. पहिल्यांदा अर्ध्या मिनिटाचं हळू पळणं, मग बसून नाडीवर बोट ठेवून ती उतरताना मोजणं, मग एक मिनिट. धडधड म्हणजे धोका नव्हे हे त्यांच्या शरीराला असं हळूहळू कळतं. घाई केली तर मूल पुढच्या आठवड्यात येतच नाही.

शेवटच्या गोलात सर-मॅडमही जमिनीवरच बसतील. "कसं वाटलं?" हा प्रश्न टाळा, उत्तर "छान" येतं आणि संपतं. घडलेला एक क्षण उचला: "दुसऱ्या डावात खो मिळाल्यावर तू जरा थांबलास, तेव्हा डोक्यात काय आलं?" मूल म्हणेल, "चुकलो तर सगळे ओरडतील." मग गटाला विचारा, असं अजून कोणाला होतं? बहुतेक वेळा तीन-चार हात वर जातात, आणि आपण एकटेच असे नाही हे मुलाला त्या हातांवरून जितकं पटतं तितकं तुमच्या व्याख्यानाने पटणार नाही. त्यानंतरच विचारा, असं मैदानाबाहेर कुठे होतं: वर्गात, घरी, मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये? एका बैठकीला असे दोनच क्षण पुरेत. 'पास' म्हणायची मुभा सगळ्यांना हवी. अर्थ सांगत बसू नका, सल्ला देऊ नका.

साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात भांडण होतं. कोणी रडतं, कोणी "हे फालतू आहे" म्हणतं, आणि शाळेला वाटतं उपक्रम फसला. गट आता खरा वागायला लागला आहे असं समजा. डाव थांबवा, गोल करा, बोला, पुन्हा खेळा. मारामारी झाली तर मात्र खेळ त्या दिवसापुरता बंद.

पीटीच्या सरांशी एक गोष्ट आधीच ठरवून घ्या: शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या नाहीत, उठाबशा नाहीत, कोणाच्या चुकीवर हसणं नाही. चांगले प्रशिक्षकही इथे अडतात, कारण त्यांचा हात जिंकवण्यावर बसलेला असतो. कठड्यावर इतर वर्गांची मुलं बघायला जमणार असतील तर वेळ बदला. मुलींना पाळीच्या दिवसांत गुण लिहायचं किंवा वेळ बघायचं काम घ्यायची मोकळीक द्या, आणि कारण विचारू नका.

'इथलं बोलणं इथेच राहील' हा नियम करताना त्याची मर्यादाही पहिल्याच दिवशी सांगा. जिवाला धोका असेल किंवा कोणी मुलावर अत्याचार करत असेल तर ते गुप्त ठेवता येत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळेपर्यंत थांबायचं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे नंबर प्रत्येक मुलाच्या वहीत लिहून द्या.

फरक पडला का हे मोजायला सुरुवातीला आणि शेवटी एसडीक्यू ही मुलांच्या भावना आणि वागण्याबद्दलची २५ विधानांची प्रश्नावली भरून घ्या, ११ ते १७ वयाची मुलं ती स्वतः भरू शकतात. हजेरीही बोलते: उदास मूल सलग आठ आठवडे आलं, तर ते मी प्रश्नावलीच्या गुणांइतकंच मोलाचं मानतो. सहा आठवड्यांनंतरही एखादं मूल होतं तिथेच असेल किंवा खालावत असेल तर त्याला वैयक्तिक उपचारांकडे पाठवा, गटातून काढू मात्र नका.

सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर करा. हवा थंड असते, क्रीडामहोत्सवाचा एखादा आठवडा गेला तरी बारा बैठका फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, वार्षिक परीक्षेच्या धामधुमीआधी पूर्ण होतात. मार्चनंतर, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, सकाळी आठनंतर मैदानावर मुलं उतरवू नयेत. गट कधी संपणार हे दहाव्या बैठकीतच मुलांना सांगा, कारण अचानक तुटलेली माणसं त्यातल्या काहींनी आधीच पाहिलेली असतात.