एकाच सोसायटीत सारख्याच कार्पेटच्या दोन फ्लॅटमध्ये चार लाखांचा फरक योग्य आहे का?

घोडबंदर रोडवरचे दोन टू बीएचके, दोन्ही ६२० चौरस फूट कार्पेट, म्हणजे घराच्या आतली वापरायची जागा. एक १.२४ कोटींना, त्यात सोळा फुटांचा पॅसेज, दुसरा १.२८ कोटींना, पॅसेज पाच फुटांचा. नुसत्या प्लॅनसाठी चार लाख जास्त द्यायचे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते द्यायचे.

रेरा, म्हणजे घरबांधणीच्या कायद्याच्या कार्पेटमध्ये बाल्कनी धरत नाहीत, पण आतल्या भिंती आणि पॅसेज धरतात. साडेतीन फूट रुंद, सोळा फूट लांब म्हणजे ५६ चौरस फूट. वीस हजारांच्या भावाने ११ लाख २० हजार रुपये नुसत्या चालण्याच्या जागेचे! उरलेल्या ५६४ फुटांवर भाव काढा, बावीस हजारांच्या जवळ जातो. दुसऱ्या घरात ६०२ फूट हाती राहतात, भाव सव्वाएकवीस हजार. मग महाग कुठलं?

लांब पॅसेजला एजंट ‘प्रायव्हसी’ म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही. बेडरूमचं दार सोफ्यासमोर उघडू नये, एवढ्यासाठी पाच फुटांचं वळण पुरतं. वाचलेले फूट बेडरूमला मिळाले पाहिजेत. दहा फुटांच्या खोलीत साडेसहा फुटांचा पलंग आणि त्याच्या पायथ्याशी दोन फूट खोल कपाट ठेवलं की मध्ये दीड फूट राहतो. कपाटाचं दार उघडलं की माणूस पलंगावर. खोली अकरा फूट असेल तर अडीच फूट मिळतात, तेवढ्यात निभतं. ब्रोशरवर विसंबू नका, टेप लावा, आणि कोपऱ्यात कॉलम किती आत आलाय ते बघा. तो नऊ इंच पुढे असेल तर कपाटही तेवढंच पुढे येतं. वॉशिंग मशीनला ड्राय बाल्कनी, म्हणजे धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी, आहे ना, तेही बघा.

एक मात्र आहे. रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, पॅसेज बघत नाही, आणि कर्ज देताना बँक करते त्या व्हॅल्युएशनमध्येही प्लॅनचे वेगळे पैसे सहसा धरत नाहीत. त्यामुळे वरचे चार लाख खिशातून घालावे लागतील, अशी तयारी ठेवा. आणि वाशी-नेरूळला रिडेव्हलपमेंटला निघालेल्या सिडकोच्या जुन्या इमारतीत घर घेत असाल, तर हे सगळं उलटं. तिथे इमारत पडणारच असते, नव्या घराचं बोलणं जुन्या कार्पेटवर होतं, आणि पॅसेजचे फूटही त्यात मोजले जातात.