जॅग्वार लढाऊ विमानाच्या १/७२ प्लास्टिक मॉडेलचे पंखाखालचे पायलॉन एका रेषेत कसे लावावेत?

तुम्ही विचारलंय की चारही पायलॉन (बॉम्ब, टाक्या टांगायचे पंखाखालचे खांब) खाचेत नीट बसवले, तरी समोरून बघताना प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला दिसतं, असं का. खाचेवर विसंबू नका. ती बहुधा थोडी सैल असते, आणि एवढ्या लहान भागाला हलायला तेवढी फट पुरते.

मी बेळगावात, उद्यमबागेतल्या मशीनशॉपमध्ये मार्किंगचं काम करतो. कास्टिंग (ओतीव भाग) आलं की आधी डेटम, म्हणजे मापाचा मूळ आधार ठरतो, बाकीची मापं सगळी त्याच्यापासून. मॉडेललाही हेच धरा. इथे डेटम म्हणजे धडाची मधली रेषा. पंखाची पुढची कड मागे झुकलेली असते, ती धरायची नाही. पंखाचा पृष्ठभागही नाही, कारण जॅग्वारचे पंख टोकाकडे किंचित खाली उतरतात. त्यांना काटकोनात लावलेला पायलॉन तिरका होतो. म्हणून पंखावर पॉलिश पेपर खरखरीत बाजू वर ठेवून चिकटवा आणि पायलॉन उभा धरून त्याचा माथा पुढे-मागे हलकेच घासा. पंखाचा उतार आणि गोलाई दोन्ही त्यात उतरतात.

मग मॉडेल उलटं करून फोममध्ये बसवा. दोन्ही पंखांची टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर आली पाहिजेत, त्याशिवाय पुढे जाऊच नका.

पायलॉन सिमेंटच्या एकाच थेंबाने टेकवा आणि त्याच्या कुशीला उदबत्तीची सरळ, कोरी काडी मास्किंग टेपने लावा, पुढे १० सेंमी निघेल अशी. वजनाने ओढू नये म्हणून टोकाखाली ठोकळा ठेवा. १ अंशाची चूक १५ मिमीच्या पायलॉनवर पाव मिलिमीटरच भरते, डोळ्याला धड कळत नाही. काडीच्या टोकाशी तीच पावणेदोन मिलिमीटर होते! आता डाव्या-उजव्या काड्यांमधलं अंतर मुळाशी आणि टोकाशी व्हर्निअर कॅलिपरने मोजा. सारखं आलं तर त्या समांतर आहेत. पण दोन्ही मिळून एकाच बाजूला वळलेल्या असू शकतात, म्हणून पोटावर मधोमध दोरा ताणून त्याच्यापासूनही मोजा. ही दुसरी तपासणी बरेच जण गाळतात.

फेविक्विक इथे नको. तो हवेतल्या ओलाव्याने धरतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर सरकवायला वेळच देत नाही. प्लास्टिक विरघळवणारा पातळ सिमेंट घ्या. रेषा जुळल्यावर ब्रशने सांध्यात सोडला की तो आपोआप आत ओढला जातो. सांध्यावरचा रंग मात्र आधी खरवडून काढा, रंगावर तो धरत नाही.

दुसरं विमान हाती घेतलंत तर आधी खऱ्या विमानाचे समोरून काढलेले फोटो बघा. सुपर हॉर्नेटचे पायलॉन मुळातच बाहेर वळवलेले आहेत, तिथे समांतर लावणं हीच चूक. जॅग्वारच्या पंखावरचे क्षेपणास्त्रांचे रेल अशाच दोऱ्यावरून लावता येतात, पण ते काम पायलॉनचे सांधे पूर्ण वाळल्यावर, मॉडेल सुलटं करून.