भयकथा: सुरुवात कुठून करायची?

आधी कशाला घाबरायचंय ते ठरवा. भुतं नकोत, माणसाच्या मनातला काळोख चालेल, तर रत्नाकर मतकरींच्या गूढकथा घ्या. ठाणे-वाशी लोकलमध्ये एखादी सहज संपते. फक्त शेवटचं पान आधी चाळू नका, सगळा झटका तिथेच असतो.

अघोरी शक्ती हव्या असतील तर नारायण धारप. ‘समर्थ’च्या कथांपासून धरा, तिथे तारणारा कुणीतरी असतो, म्हणून नवख्याला रात्री झोप तरी लागते! ‘लुचाई’ नंतर. ती स्टीफन किंगच्या १९७५च्या ‘सालेम्स लॉट’वर बेतलेली आहे, त्यामुळे दोन्ही लागोपाठ वाचलीत तर दुसरीतली भीती फुकट जाते.

‘ड्रॅक्युला’ (१८९७) पत्रं-डायऱ्यांतून उलगडते, मध्येच रेंगाळते. घाई असेल तर राहू द्या. जुन्या प्रतींसाठी ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात विचारून बघा.