वाड्याच्या दाराचं वर्णन करताना कोणत्या भागाला काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय की कथेत जुन्या वाड्याचं दार आहे, पण ‘भलंमोठं लाकडी दार’ याच्यापुढे शब्द सुचत नाहीत. नावांची यादी करण्याआधी ते दार उघडतं कसं आणि बंद कसं होतं, ते डोळ्यांसमोर आणा.

चौकट म्हणजे दोन उभी लाकडं, वर गणेशपट्टी, खाली उंबरठा. (फ्लॅटमधल्या आतल्या खोल्यांना उंबरठा नसतो, तीनच बाजू असतात, तरी आपण चौकटच म्हणतो.) चौकटीत फिरते ती फळी किंवा झडप, जाडजूड असेल तर कवाड. मोठ्या कवाडातलं माणसापुरतं छोटं दार म्हणजे दिंडी. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला ती आहे, आणि प्रत्येक कवाडावर ७२ अणकुचीदार खिळे आहेत, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला.

हमखास होणारी चूक बिजागरीची. जुन्या जड कवाडांना बहुधा बिजागरी नसतेच. कवाडाच्या कडेलाच वर-खाली गोल खुंट काढलेले असतात. वरचा चौकटीतल्या भोकात, खालचा दगडातल्या खळग्यात फिरतो. करकर तिथूनच येते. खालचा खुंट झिजला की कवाड खचतं, फरशीला घासतं आणि तिच्यावर अर्धगोल ओरखडा उमटतो. तो ओरखडा लिहिलात तर ‘जुनं दार’ वेगळं सांगावं लागणार नाही.

कडी आणि कोयंडा एक नव्हे. कडी किंवा साखळी फळीला असते, कोयंडा चौकटीला. कडी कोयंड्यावर चढवायची आणि कुलूप कोयंड्यात घालायचं.

अडसर मात्र नीट समजून घ्या. हा जाड लाकडी दांडा दिवसा भिंतीतल्या लांब भोकात सरकवलेला असतो. रात्री तो ओढून कवाडांमागून आडवा न्यायचा आणि टोक समोरच्या भिंतीतल्या खाचेत बसवायचं. बाहेरून धक्का बसला की भार कडीवर न येता भिंतीवर जातो. म्हणून दार आत उघडणारं हवं. बाहेर उघडणाऱ्या दाराला आतून अडसर लावलात तर तो काहीच अडवणार नाही.

कोकणातलं दार असेल तर पावसाळा विसरू नका. लाकूड फुगतं, फळी चौकटीत अडकते, खांदा लावून उघडावी लागते. भर पावसात घाईने रंधा मारला तर उन्हाळ्यात फट पडते आणि उजेडाची उभी रेघ आत येते.

क्रियापदंही नेमकी वापरा. दार लोटलं म्हणजे कडी नाही. लावलं म्हणजे आतून बंद. ओढून घेतलं म्हणजे माणूस बाहेर पडलं. किलकिलं दार आणि सताड उघडं दार यांत घरातल्यांचा स्वभावही कळतो.