आधी नुसतं बसायला शीक
पक्ष्यांवर लिहायचंय ना? मग महिनाभर कविता बाजूला ठेव. पहाटे हिप्परगा तलावाच्या काठी नुसता बस. वंचक, म्हणजे तो छोटा तपकिरी बगळा, चिखलात असा मिसळून उभा असतो की ढेकूळच वाटतं. उडाला की एकदम पांढरेशुभ्र पंख! पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. (चहा थर्मासमधून ने.) आणि नावं विचारून घे, मेंढपाळांना, कोळ्यांना. 'एक पक्षी' असं लिहिणं म्हणजे शुद्ध आळस. आपल्या सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या मारुती चितमपल्लींनी मराठीला 'काकागार' (कावळ्यांची वसाहत), 'सारंगागार' (बगळ्यांची वसाहत) असे शब्द दिले, ते रानात आयुष्य काढून. 'निसर्गाशी एकरूप झालो' हे वाक्य मात्र आत्ताच खोड. मीही तसलं वहीभर लिहिलंय. नान्नजच्या माळावर एक दुपार काढून ये, मग बोलू.