चिपळूण-खेड परिसरात अग्निशमन प्रशिक्षण केंद्रासाठी नगरपरिषदेला केंद्र सरकारचे अनुदान थेट मिळते का?

थेट मिळत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने 2023 मध्ये अग्निशमन सेवांच्या विस्तार व आधुनिकीकरणासाठी 5,000 कोटी रुपयांची योजना आणली असून तीत प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरणही येते. मात्र प्रस्ताव राज्य शासनामार्फतच जातो आणि महाराष्ट्रासारख्या राज्याला 25 टक्के वाटा स्वतः उचलावा लागतो. त्यामुळे नगरपरिषदेने आपली मागणी राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे मांडावी. लोटे परशुरामची रासायनिक वसाहत जवळ असल्याने, केवळ इमारतीऐवजी रासायनिक आग व वायुगळती हाताळण्याच्या सरावाची सोय मागितल्यास प्रस्ताव अधिक सबळ ठरेल, असे माझे मत आहे. प्रशिक्षकांचे वेतन व देखभाल यांची तरतूदही आधीच ठरवावी.