सेलिंग येत नाही, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. यॉट रेसिंगमध्ये इंजिनिअर म्हणून करिअर होईल का? नेव्हल आर्किटेक्चरची (जहाज-बोटींच्या डिझाइनची) डिग्री लागतेच का?

होईल की. सेलिंग येत नाही ही तर यातली सगळ्यात छोटी अडचण आहे. मी पुण्यात मेकॅनिकल केलं, मग इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनला मास्टर्स, आता इथेच कार्बन कंपोझिटच्या (रेझिनने चिकटवलेले कार्बन फायबरचे थर) एका वर्कशॉपमध्ये आहे आणि रेसिंग बोटींचे पार्ट आमच्याकडे तपासायला येतात, म्हणून थोडंफार सांगू शकतो.

तुम्ही विचारलंय की नेव्हल आर्किटेक्चरची डिग्री लागतेच का. लागतेच असं काही नाही. यॉट रेसिंगमधल्या सगळ्यात मानाच्या अमेरिकाज कपचंच बघा ना, टीम न्यूझीलंडचा डिझाइन हेड डॅन बर्नास्कोनी आधी मॅक्लारेनच्या फॉर्म्युला वनमध्ये होता आणि 2024 ला बार्सिलोनात त्यांच्याकडून 7-2 ने हरलेल्या ब्रिटिश टीमच्या मागे मर्सिडीज एफवनचे इंजिनिअर होते. कारण त्या कपची एसी75 बोट रेसमध्ये जवळपास सगळा वेळ पाण्याच्या वर असते, दोन बाजूंना फॉइल म्हणजे पाण्याखालचे पंख, आणि स्पीड 50 नॉटच्या वर, म्हणजे ताशी 90 किमीपेक्षा जास्त. एवढ्या स्पीडला फॉइलच्या वरच्या बाजूला प्रेशर इतकं कमी होतं की थंड पाणीसुद्धा उकळून त्याचे बुडबुडे होतात (कॅव्हिटेशन, फ्लुइड मेकॅनिक्समध्ये पंपाच्या चॅप्टरला असतं तेच) आणि लिफ्ट, म्हणजे बोटीला वर उचलणारा जोर, जातो. त्या फॉइलचा शेप काढणं, त्याचा फ्लॅप (मागची हलती पट्टी) सेकंदाच्या आत हलवणारं हायड्रॉलिक्स, त्याचं कंट्रोल सॉफ्टवेअर, खरी कामं इथे आहेत. सिम्युलेटरची पण, कारण आख्खी टीम बोट बांधायच्या आधी तिथेच बोट चालवते.

माझं काम याच्यापेक्षा बरंच कमी ग्लॅमरस. कार्बनच्या पार्टवर जेल लावून अल्ट्रासाउंडचा प्रोब फिरवत बसायचं, स्क्रीनवर मागच्या भिंतीच्या इकोच्या आधीच मधे एखादा इको उगवला की समजायचं आत थर सुटलेत, मार्करने गोल करायचा आणि डिझायनरला फोन, जो त्याला कधीच आवडत नाही. बाहेरून पार्ट आरशासारखा चकचकीत असतो म्हणून तर अजून वाईट वाटतं.

पगार बरा असतो पण नोकरी टिकाऊ नाही हे आत्ताच ऐकून ठेवा. कॉन्ट्रॅक्ट कपच्या सायकलपुरतं, आता पुढचा कप 2027 ला नेपल्सला, टीम हरली किंवा स्पॉन्सर गेला की सगळे एकदम मार्केटमध्ये. घरी ईएमआय असेल तर विंड टर्बाइन नाहीतर एरोस्पेसची वाट उघडी ठेवा, स्किल तेच लागतं. सेलजीपी या दुसऱ्या रेसिंग लीगमध्ये सगळ्या बोटी एकाच डिझाइनच्या असतात, तिथे डिझाइनला वाव कमी, पण डेटा आणि मेंटेनन्सवाल्यांना काम आहे.

भारतात नेव्हल आर्किटेक्चर करायचंच असेल तर आयआयटी खरगपूर, आयआयटी मद्रास किंवा कोचीचं कुसॅट. पण माझं ऐकाल तर आधी सुट्टीत गोव्याला एखाद्या फायबरग्लासच्या यार्डात इंटर्नशिप मिळते का बघा. नौदलाचे दिलीप दोंदे 2009-10 ला ज्या शिडाच्या बोटीतून एकटे जगप्रदक्षिणा करून आले ती म्हादेई गोव्यातच दिवाडीला बांधली होती. रेझिन हाताला लागलं, वास डोक्यात गेला आणि तरी दुसऱ्या दिवशी जावंसं वाटलं तर मग सीएफडी (कॉम्प्युटरवर पाण्या-हवेच्या प्रवाहाचं गणित) आणि पायथन शिकायला घ्या, आणि प्रोजेक्टला छोटं का होईना पण फॉइलच करा. सीव्हीत तेच आधी बघतात, सेलिंग सर्टिफिकेट नाही.